सोडलेली मुशी
बाळंतीण लेकीला दूध यावं म्हणून परवा बायकोने मुशीचं कालवण केलं आणि त्या वासाने करंज्याच्या किनाऱ्यावरचा खडक आठवला. लेक तेव्हा शाळेत होती. थंडीतली सकाळ, आठवडाभर राबून अंग आंबलेलं, तरी पनवेलहून गळ घेऊन गेलो होतो. तासाभराने हातभर मुशी लागली, लहानसा शार्कच तो. धरलेला मासा सोडायचा हा हौसेने गळ टाकणाऱ्या आमच्या ग्रुपचा नियम, म्हणून फोटो काढून तिला पाण्यात सोडलं. मागे मासळी वाळत घालणारी म्हातारी उभी होती. "मना दिली असतीस रं," ती म्हणाली, "सून बालंत हाय, अंगावर दूद नाय." मी पुन्हा गळ टाकला. उन्हं कलेपर्यंत बसलो, काहीच लागलं नाही. परवा लेकीने वाटी पुन्हा पुढे केली. मी तिला वाढलं आणि स्वतः नुसता वरणभात खाऊन उठलो.