दहा किलोचा पाइप

हे लिहावं की नाही, यात महिना गेला. माझं आयुष्य पाइप धरण्यात गेलं, लिहिण्यात नाही. पण काटेवाल्याबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून बसलो आहे.

काटेवाला म्हणजे माझा जोडीदार फिटर. आम्ही अठ्ठावीस वर्षं बरोबर नळाची कामं केली. तो जोडायचा, मी धरायचो. नवी लाइन झाली की ती पाण्याने भरायची, हातपंपाने दाब चढवायचा आणि दाबाच्या घड्याळाचा काटा खाली येतो का, ते अर्धा तास बघत बसायचं, हा त्याचा नेम. पालथ्या बादलीवर बसून, काट्यावरची नजर न काढता तो डबा खायचा. बाकीचे फिटर हसायचे.

"काय रे, काटा पळून जाणार आहे का?"

"पळाला तर भिंत तुमच्या गिऱ्हाइकाची भिजेल, माझं काय जातंय," तो म्हणायचा.

त्याला एकच मुलगी. जावई शिकलेला, कचेरीतला. माणूस वाईट नव्हता, पण सासऱ्याशी बोलायला त्याच्याकडे विषय नसायचा. "बरे आहात ना?" "बरा आहे." मग दोघं पंख्याकडे बघत बसायचे. आठ वर्षं हेच चाललं. मग जावयाला कागदी रॉकेटं उडवायचा नाद लागला. प्लास्टिकच्या पाइपची जाड नळी, तिला सायकलचा पंप आणि हवा सोडायची एक चावी. हवा भरून चावी फिरवली की रॉकेट चार मजले वर. त्यापायी तो पहिल्यांदा आपणहून सासऱ्याकडे आला.

"बाबा, हा पाइप किती दाब सोसेल?"

काटेवाल्याने पाइपवरचा आकडा वाचला. "दहा किलोचा आहे. तुम्ही भरणार चार. डोळे झाकून भरा."

एवढ्यावर थांबेल तर तो काटेवाला कसला. नळी पाण्याने भरून, दाब चढवून न्हाणीघरात अर्धा तास बसला. थेंब गळला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर त्याने मला तीनदा सांगितलं, "जावयाने मला विचारलं रे."

त्यानंतर दीडेक वर्ष गेलं. एका शनिवारी आम्ही एका नव्या इमारतीत लाइन टाकत होतो. पाणी अजून जोडलेलं नव्हतं. ठेकेदार म्हणाला, "कॉम्प्रेसर आहे ना, हवेने तपासा आणि मोकळे व्हा." काटेवाल्याने असं कधी केलं नव्हतं. पण सकाळपासून आम्ही दोघं गुडघ्यांवर होतो आणि आमचे गुडघे आता आमचे राहिलेले नाहीत. "पाचच किलो भरू," तो म्हणाला. त्यालाही घरी जायचं होतं.

हवा भरली. डबा जिन्यात राहिला होता, तो आणायला आम्ही बाहेर आलो, आणि आत धडाका झाला. परत येऊन बघतो तर एका कोपऱ्यावरचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, जागेवर नव्हता. त्याचा बोटभर तुकडा समोरच्या लाकडी दारात रुतला होता. त्याची बसायची पालथी बादली बरोबर तो कोपरा आणि दार यांच्या मधल्या वाटेवर होती.

पाण्याच्या दाबाने पाइप गेला तर बहुधा चीर पडते, पिचकारी उडते, काटा खाली येतो आणि संपतं. पाणी दाबून फारसं दबत नाही. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसते आणि सुटली की सगळी एकदम सुटते, पाइपच्या चिरफळ्या घेऊन. हे आम्हाला अठ्ठावीस वर्षांत कळलं नव्हतं, कारण आम्ही कायम पाण्यानेच तपासत आलो.

मला वाटलं, आता तो ठेकेदाराला झापणार. त्याने पकडीने तो तुकडा दारातून ओढून काढला आणि डब्यात ठेवला.

"उद्या जावयांच्या इमारतीत रॉकेटं उडवणार आहेत," तो म्हणाला. "सगळे भोवती उभे राहणार. आणि मी सांगून बसलोय, डोळे झाकून भरा. तू चल माझ्याबरोबर."

मुलीच्या घरी जाताना बसमध्ये डबा त्याने मांडीवरच ठेवला. दार मुलीने उघडलं. "आज दोघं? काका, बाबा वाट चुकतील म्हणून सोडायला आलात की काय?"

जावई नळीच पुसत बसला होता. काटेवाल्याने उभ्याउभ्याच सांगितलं, "मी चुकीचं सांगितलं. ते दहा किलो पाण्याचे. हवेला हा पाइप चालत नाही."

"बाबा, तुम्हीच तर तपासून दिलात," मुलगी म्हणाली. "हे सगळ्यांना सांगत फिरतात, माझ्या सासऱ्यांनी पास केलाय म्हणून."

काटेवाल्याने जावयाच्या हातातली नळी घेतली.

"दोनशे वेळा उडवलंय, बाबा," जावई हळूच म्हणाला. "काही झालं नाही."

"म्हणजे दोनशे वेळा थकलाय तो. ठेवता कुठे?"

"गॅलरीत."

"उन्हात." त्याने नळीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला पांढरी भुकटी लागली. "पंप कोण मारतं?"

"मीच," मुलगी म्हणाली. "यांना वाकलं की पाठ धरते."

काटेवाल्याने डबा उघडून तो तुकडा टेबलावर ठेवला. त्याला लाकडाचा भुसा चिकटलेला होता. "आज पाच किलो हवेने हा दारात रुतला," तो म्हणाला. मग त्याने पिशवीतून करवत काढली आणि स्वतः न कापता जावयापुढे धरली. जावयाने एकदा बायकोकडे पाहिलं आणि नळी कापायला घेतली. अर्ध्यात करवत पोचली आणि नळी आपसूक तडकली, वाळक्या काटकीसारखी.

रविवारी त्यांनी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीला रबरी नळी लावली आणि बाटलीवर पाय मारून रॉकेटं उडवली. दुसऱ्या मजल्यापर्यंत कशीबशी गेली. "एवढंच होय?" कुणीतरी म्हणालं. काटेवाला सगळ्यांच्या मागे उभा होता. मुलगी पाय मारत होती आणि तो तिच्याकडेच बघत होता, रॉकेटाकडे नाही.

पुढे दोन महिने पुन्हा "बरे आहात ना" आणि पंखा. मग एक दिवस जावई ती रबरी नळी घेऊन आला.

"बाबा, ही बाटलीवरून सारखी निसटते. काय बांधू?"

मी तिथेच होतो. उत्तर मलासुद्धा माहीत होतं, पट्टी आवळली की झालं. काटेवाल्याने नळी हातात घेतली, दोन्ही टोकांनी पाहिली.

"ठेवून जा," तो म्हणाला. "उद्या सांगतो."