केवड्याची पानं आणि दाजींची किल्ली

लिसियाते म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, माझे दाजी. टोंगातल्या आमच्या एवढ्याशा बेटाचं डिझेल इंजिन त्यांनी अठ्ठावीस वर्षं चालवलं. नुसत्या आवाजावरून सांगायचे, "पट्टा सैल पडलाय." रविवारी सगळं बेट चर्चमध्ये गायचं आणि हे इंजिनापाशी. पाद्रीबुवा त्यावरून टोमणे मारायचे. पण त्यांचा माईक कोणाच्या जिवावर चालत होता?

मग सोलरच्या काचा आल्या. इंजिन राखीव झालं: बॅटऱ्या उतरल्या तरच ते आपोआप सुरू व्हायचं. काचांभोवतीच्या कुंपणाची किल्ली आणि काचा पुसायचं काम दाजींकडे आलं.

मास्तरीण कालोलाइनेनं सभागृहात रंगीत तक्ता लावला. "जगात अजून निम्म्याहून जास्त वीज कोळसा, गॅस नि तेल जाळूनच होते," ती म्हणाली. "पण नवीन जे उभं राहतंय त्यात सूर्य पुढे आहे. आपल्या देशात कोळसाही नाही नि गॅसही नाही. बरीचशी वीज डिझेलची, आणि ते बोटीनं येणार. बेटावर मात्र आता उन्हाचीच जास्त."

"म्हणजे जगात अजून माझंच बहुमत आहे की!" दाजी म्हणाले. सगळे हसले, तेही हसले. पण तक्त्यात डिझेल काळ्या रंगात होतं, आणि त्या दिवशी ते घरी नीट जेवले नाहीत.

तरी काचा मात्र मन लावून पुसायचे. बहीण म्हणायची, "माझ्या भांड्यांना कधी असा हात लावला नाहीत!"

अशात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे चटया दिल्याशिवाय लग्न होत नाही. त्या विणायला केवड्याची पानं उकडायची, समुद्रात भिजवायची आणि उन्हात पांढरी होईपर्यंत वाळवायची. अंगणात टाकली की डुकरं तुडवतात. कुंपणाच्या आत डुकरं नाहीत, शिवाय काचा छान तापलेल्या. दाजी गळ्यातली किल्ली घरी ठेवून मासे धरायला गेले की मी ती बहिणीकडून घ्यायचे आणि आम्ही सहा जणी काचांवर पानं पसरायचो. "एवढ्याशा पातळ पानांनी ऊन ते किती अडणार?" हे शहाणपण माझंच.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी इंजिन धडधडलं. मग रोजच. राखीव डिझेल संपलं, बोटीला दहा दिवस अवकाश होता, आणि विजेवरच्या बर्फाच्या पेटीतले मासे सडले. गावानं ठरवून टाकलं: म्हाताऱ्याला इंजिनाचा लळा, त्यानंच ते चालवलं. खरं कारण आमची पानं, हे मला कळलं. गुपचूप पानं उचलली आणि तोंड मिटून बसले. लग्न तोंडावर होतं, मला चारचौघांत शोभा नको होती. चार दिवस लोक दाजींना बघून तोंड फिरवत होते.

पाचव्या दिवशी सकाळी सभा भरली. गावप्रमुख सोसाइआ म्हणाला, "लिसियाते, खरं सांग."

"इंजिन मी लावलं नाही. कशामुळे लागलं ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही."

"मग आम्ही समजायचं ते समजतो. किल्ली दे."

दाजींनी गळ्यातली दोरी काढली. गाठ केसांत अडकली, ती सोडवून त्यांनी किल्ली सोसाइआच्या हातात ठेवली. ते मला बघवेना. मी उठले.

"पानं आमची होती. काचांवर आम्ही वाळवली. आणि सोसाइआ, त्यातली निम्मी तुझ्या बायकोची!"

सभागृहात हशा पिकला. सोसाइआचा चेहरा पडला. त्यानं किल्ली परत पुढे केली, "चुकलं रे, घे."

"अठ्ठावीस वर्षं माझ्या उजेडात जेवलात," दाजी म्हणाले. "दोषी ठरवायच्या आधी घरी येऊन विचारायचं होतंत." किल्ली न घेताच ते बाहेर पडले. आता ती कालोलाइनेकडे असते.

मी त्यांच्या मागे धावले. "दाजी, पानांचं तुम्हाला कळलं होतं?"

"गावानं माझं नाव घेतलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी, काचा पुसताना. काचेच्या कडेला पानाची एक पट्टी चिकटलेली होती."

"मग चार दिवस बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."