तोंडी सौदा

कोलकात्याच्या शेअर बाजाराची इमारत मी पाहिली नंतर, ऐकली आधी. बँकेने पुण्याहून माझी इकडे बदली केली आणि बागबाजारात एका घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. घरमालक निवृत्त शेअर दलाल. मी मराठी आहे कळताच कडाडले, "म्हणजे बर्गी! तुमच्या लोकांना अडवायला इथूनच खंदक खणायला घेतला होता, आणि तुम्ही थेट माडीवर?" बर्गी म्हणजे कधीकाळी बंगालवर चालून आलेले मराठे घोडेस्वार. मी म्हटलं, "खंदक अर्धवट ठेवलात, मग येणारच." ते असे हसले की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. त्या दिवसापासून मी त्यांची बर्गी आणि ते माझे मेशोमशाय, म्हणजे मावशीचे यजमान. त्यांची बायको ओघानेच माशिमा.

आवाज हीच मेशोंची कमाई होती. बाजारात शेकडो दलाल एकाच वेळी ओरडत, त्यात यांचा आवाज म्हणे पार दुसऱ्या टोकाला वेगळा ओळखू येई. लांबच्या माणसासाठी हाताच्या खुणा असत. तळवा स्वतःकडे वळवला तर घ्यायचंय, समोर केला तर विकायचंय. गल्लीत मासेवाला आला की मेशो सज्जातून तसाच तळवा वळवत, आणि तोही बिचारा थांबे.

"पण नुसत्या हाताने सौदा होत नाही, बर्गी," ते मला बजावत. "हात म्हणजे विचारणं. तोंडाने 'किनलाम' म्हटलं, म्हणजे घेतलं. समोरच्याने 'बेचलाम' म्हटलं, म्हणजे विकलं. मग आभाळ कोसळो, शब्द मागे नाही."

शेअर बाजार ज्या गल्लीत आहे त्या लायन्स रेंजपासून माझी शाखा चालत जाण्याएवढी जवळ. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी तिकडे गेले. गल्लीत लुचीचा, म्हणजे मैद्याच्या पुऱ्यांचा घाणा चाललेला, मातीच्या कुल्हडांचा खच, आणि त्या सगळ्या गडबडीच्या डोक्यावर ती इमारत. मान मागे टाकली तरी सगळी मावेना. मी तशी कशाने भारावणारी बाई नाही. ताजमहालासमोरही मला आधी ऊनच लागलं होतं. पण इथे मी हातातलं खाणं विसरून उभी राहिले. कडुलिंबाच्या झाडाखाली उभं राहून सौदे करणाऱ्या माणसांनी पुढे आपल्यासाठी एवढं मोठं छप्पर उभारलं होतं. ताग, चहा, कोळसा, सगळा पूर्व भारत इथे ओरडून विकला गेला. बजबज गावच्या नदीकाठी तागाच्या गिरणीचा भोंगा वाजायचा, पण तिचा मालक कोण हे या भिंतींच्या आत ठरायचं. मग संगणक आले, ओरडणं थांबलं. पुढे खरेदी-विक्रीच थांबली. दारावरचा पहारेकरी वर्तमानपत्र वाचत बसला होता.

त्याच वर्षी मेशोंना पक्षाघात झाला. हातपाय सावरले, जीभ मात्र जड झाली. डॉक्टर म्हणाले, आवाज आहे, बोलायचा सराव करा. आत्ता बोलला नाहीत तर पुढे कठीण होईल. मेशोंनी एकदा तोंड उघडलं. आतून जे फाटकं, अडखळतं काहीतरी बाहेर आलं ते त्यांनी स्वतःच ऐकलं आणि ओठ मिटले ते मिटलेच. बोलायला शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी तळवा समोर करून परत पाठवलं.

घरात बाजाराच्या खुणा सुरू झाल्या. तळवा स्वतःकडे, म्हणजे भात वाढ. तळवा समोर, म्हणजे पुरे. माशिमा सगळ्या खुणा शिकल्या आणि दिवसेंदिवस वाळत गेल्या. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "जन्मभर म्हणत आले, हळू बोला, हळू बोला. देवाने नको तेव्हा ऐकलं गं." मलाही तो आवाज हवा होता. मला बर्गी म्हणणारं त्या शहरात दुसरं कोण होतं?

अशात बातमी आली की बाजार आता कायमचा कुलूपबंद होणार. मी म्हटलं, मेशोंना एकदा नेऊन आणू. माशिमा भडकल्या. "तिथे जुना आवाज आठवेल, आणि उरलीसुरली उमेदही जाईल. हात दाखवून अवलक्षण!" म्हणजे हे शेवटचं मराठीत मीच मनात म्हटलं, त्यांचं बंगाली याहून तिखट होतं. मेशो आरामखुर्चीत ऐकत होते. त्यांनी तळवा स्वतःकडे वळवला.

आमच्या बँकेच्या एका खातेदाराचं कार्यालय त्याच इमारतीत होतं. त्यांनी सांगून ठेवलं, म्हणून पहारेकऱ्याने आम्हाला आत सोडलं. एका बाजूने मेशोंना मी धरलं होतं, दुसऱ्या बाजूने माशिमांनी. मोठ्या दालनाचं दार उघडलं आणि आम्ही तिघंही उंबऱ्यातच थांबलो.

केवढी ती जागा! छत इतकं वर की तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला दमत असावा. एका कडेला धूळ खाणारी टेबलं, बाकी सगळी मोकळी फरशी. चपलेची साधी करकरही वर जाऊन परत येत होती. माझा पायच उचलेना. देवळात शिरताना होतं तसं काहीतरी मला होत होतं, आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

मेशोंनी आमचे हात सोडवले. एका खांबापाशी गेले, त्याला पाठ टेकून उभे राहिले. ही त्यांची जागा असणार. मग त्यांनी माशिमांना बोटाने समोरच्या टोकाला जायला सांगितलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत माशिमांनी हे दालन पाहिलं नव्हतं. त्या पदर सावरत भिंतीपर्यंत गेल्या आणि वळल्या. एवढ्या पसाऱ्यात दोघंही लहानशी दिसत होती.

मेशोंनी हात वर केला. तळवा स्वतःकडे.

माशिमा पाहत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील. पण त्या दलालाच्या बायको होत्या.

"मुखे बोलो!" त्या तिथून ओरडल्या. तोंडाने बोला!

मेशोंची मान नाही नाही म्हणाली. कुठून हा आगाऊपणा केला असं झालं. माशिमा हलल्या नाहीत.

"मुखे बोलो. नाहीतर सौदा नाही."

ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"कि... किन्... किनलाम."

फाटका, अडखळता, अर्धा हवेतच सांडलेला. पण ते छत असल्याच आवाजांसाठी बांधलेलं होतं. त्याने तो शब्द उचलला, मोठा केला आणि साऱ्या दालनात फिरवून आम्हाला परत दिला. मेशो वर पाहतच राहिले.

माशिमांनी तळवा समोर केला. त्यांचाही आवाज आता फाटलाच होता.

"बेचलाम," त्या म्हणाल्या.

काय घेतलं, काय विकलं, कुणी विचारलं नाही. शब्द दिला गेला होता, आणि मेशोंच्या बाजारात शब्द मागे घेता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, मेशोंनी परत पाठवलेल्या त्या शिकवणाऱ्या बाईंना पुन्हा जिन्यात पाहून मी वर पळाले आणि दार लावून रडले.