मेलेली कॉइल

बोईसरच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. इंजिन अडखळायला लागलं की तो ते चालू ठेवून ठिणगी पाडणाऱ्या एकेका कॉइलची वायर काढतो आणि मान तिरकी करून ऐकतो. वायर काढूनही आवाज बदलला नाही, तर ती कॉइल मेली. मागच्या महिन्यात माझ्या गाडीची एक कॉइल त्याने अशीच बदलली होती.

परवा गाडी पुन्हा अडखळली. या वेळी त्याने त्याच कॉइलच्या वायरीचं टोक उजेडात धरलं. इथून जवळच्या, समुद्रकाठच्या आमच्या माहीम गावच्या खाऱ्या हवेने आतली पिन हिरवी पडली होती. त्याने ती घासली, मग भंगाराच्या डब्यातून माझी जुनी कॉइल शोधून नवीच्या जागी बसवली. इंजिन एका सुरात चालू लागलं.

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत, आवाज खाली न आणता तो म्हणाला, "हिला काय झालंच नवतं, दादा. मागच्या टायमाला मी वायर बघितलीच नाय."