दोन नळ्या, दोन फुलं

नरहरी निखाडे सकाळी घराबाहेर पडला की रायपूरच्या गुढियारी भागातल्या त्या अरुंद गल्लीत माणसं आपोआप कडेला सरायची. खांद्यावर दुनळी बंदूक, छातीवर काडतुसांचा पट्टा, मिशीला पीळ आणि चाल अशी, की वाटावं मागे कुठेतरी नगारा वाजतोय. घरात हाच माणूस साधा चहा मागताना आवाज चढवत नसे. पण दुनळी खांद्याला लागली की त्याच्यात राजा संचारायचा.

बाप वर्ध्याकडून रेल्वेत खलाशी म्हणून रायपूरला आला आणि इथलाच झाला. नरहरीनं मिळेल ते काम केलं. मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याच्या बाजूला बँका आणि ऑफिसं उगवली आणि प्रत्येक दाराशी गनमॅन लागू लागला. गनमॅनची बंदूक बँकेची नसते, माणूस पुरवणाऱ्या एजन्सीचीही नसते. ती त्याची स्वतःची, त्याच्या लायसनवर चढलेली. बंदूक असेल तर गनमॅन, नसेल तर नुसता चौकीदार. नरहरीनं गावाकडचा वाटा विकला, दुनळी घेतली आणि बँकेच्या काचेच्या दाराशी जो उभा राहिला, तो केस पांढरे होईपर्यंत.

बायको, गोदू, त्या बंदुकीला ‘मोठी’ म्हणायची.

“मोठी आली का घरी? मंग वाढते जेवाले,” ती म्हणे. “आधी तिले पुसान, मंग माह्याकडे पाहान.”

“तिच्यामुळं तं ताटात अन्न पडते,” नरहरी म्हणे.

दसऱ्याला मात्र सवतीचा मान गोदूच करायची. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या दुनळीला पाण्याचा हात, हळदकुंकू, आणि शेवटी दोन नळ्यांच्या तोंडांत दोन झेंडूची फुलं, टपोरी, देठासकट खोवलेली. त्या दिवशी बंदूक नटून बसलेल्या नवरीसारखी दिसायची. दुसऱ्या दिवशी नरहरी फुलं ओढून काढायचा, वरून तेलाचा बोळा फिरवायचा आणि कामावर जायचा. आतून पुसायचा प्रश्न नव्हता. जी कधी वाजलीच नाही, ती आतून मळणार कशानं?

वाजायची वेळ एकदाच आली होती. नोटाबंदीत. दसरा नुकताच झाला होता. बँकेपुढे रांग, रांगेतून रेटारेटी, आणि अचानक सगळा लोंढा काचेच्या दारावर आला. बायकांची रांग नरहरीच्या उजव्या हाताशी होती, त्यात जुन्या नोटा पदरात बांधून गोदूही उभी होती. नरहरीनं दोन्ही नळ्यांत काडतुसं सरकवली, बंदूक आभाळाकडे केली, घोड्यावर बोट ठेवलं. गर्दी थबकली. मागे सरली. बोट दाबायची गरज पडली नाही. हा प्रसंग तो पाऱ्यात, मोहल्ल्यातल्या लोकांना, कितीदा सांगे, आणि दर वेळी घोड्यावरचं बोट थोडं जास्त वेळ थांबे. ऐकणारे श्वास रोखायचे.

त्याच सुमारास उजव्या डोळ्यापुढे धुकं यायला लागलं होतं. पुढे डाव्यातही आलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, हेही सांगितलं. लायसनच्या नूतनीकरणाला डॉक्टरी दाखला लागतो, तो कोण देणार? पोलीस ठाण्यातल्या बाबूनं सरळ शब्दांत समजावलं, मुदत संपली की बंदूक घरात ठेवता येणार नाही. ज्याच्याकडे लायसन आहे त्याला विका, नाहीतर इथे जमा करा.

नरहरी डगमगला नाही, कारण घेणारा घरचाच होता. त्याचा जावई प्रताप भनपुरीच्या एका गोदामावर चौकीदार होता. तेवढ्या पगारात घर चालत नव्हतं म्हणून सुरतेला जायच्या गोष्टी करत होता, आणि तो गेला की लेक अनुश्रीही जाणार. एकुलती एक पोट्टी. आता प्रतापचं लायसन खटपटी करून झालं होतं, फक्त त्यावर हत्यार चढायचं होतं. एजन्सीवाला म्हणाला होता, सासऱ्याची बंदूक आण, सासऱ्याची जागा घे. नवी बंदूक घ्यायची ऐपत दोन्ही घरांत नव्हती. म्हणजे सगळं त्या दुनळीवर उभं होतं. ती प्रतापच्या नावावर झाली की पोट्टी रायपुरात राहणार.

कायद्यात जे होतं ते सगळं त्यानं केलं. कलेक्टर ऑफिसात अर्ज, ठाण्यात अर्ज, मग विक्रीआधी नेमलेले दिवस थांबला. राहिला होता फक्त शस्त्रांच्या दुकानदाराचा, बंदूक चालण्याजोगी असल्याचा दाखला. एजन्सी त्याशिवाय ऐकत नव्हती.

दाखल्यासाठी निघायच्या दिवशी त्यानं गनमॅनचा पोशाख शेवटचा चढवला. मिशी पिळली. प्रताप हात धरायला पुढे झाला तेव्हा म्हणाला, “राहू द्या जवाईबापू. हिच्यासंगं मी आंधळाही चालतो.”

दुकानदार धर्मपाल ओळखीचाच होता. “आओ नरहरी भैया,” म्हणून त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला. “दामाद को राजपाट सौंप रहे हो?”

“हव. आता आमचा पडदा पडला.”

धर्मपालनं बंदूक मोडून उघडली आणि उजेडाकडे धरली. मग पुन्हा धरली. गज घेतला आणि एका नळीत घातला. गज तोंडाजवळ जाऊन अडला. जोर लावून ढकलला, तेव्हा टेबलावरच्या कागदावर काळपट, चिकट असा एक गोळा पडला. दुसऱ्या नळीतून दुसरा.

“ये क्या है, भैया?”

नरहरीला दिसेना. त्यानं बोटांनी चाचपलं. सुकून दगड झालेल्या पाकळ्या, देठाचा तुकडा, गंजाचा चुरा. वास घेतला. त्याला वास कळला. दर दसऱ्याला तो फूल ओढायचा, अर्धं हाती यायचं, अर्धं आत राहायचं. डोळे चांगले होते तेव्हाही त्यानं आत कधी पाहिलं नव्हतं.

“दोनों नाल अंदर से खा गई हैं,” धर्मपाल हळू आवाजात म्हणाला. “मैं फिटनेस नहीं लिख सकता. नई नाल का खर्चा नई बंदूक जितना है. कभी चलाई तो नहीं ना?”

“नाही.”

“भगवान ने बचाया. चलाते तो नाल वहीं फटती. आप तो जाते ही, बाजू वाले भी जाते.”

नरहरीचा उजवा हात मांडीवर होता. त्याची तर्जनी आपोआप वाकली, मग सरळ झाली. नोटाबंदीच्या त्या दिवशी बाजूला बायकांची रांग होती. पदरात नोटा बांधलेली गोदू होती.

प्रतापनं बंदूक मिटवून उचलली. “चलिए मामाजी,” तो म्हणाला. “थाने में जमा करा देते हैं.”

ठाण्यात शिपायानं नंबर पाहिला, सुतळीनं चिठ्ठी बांधली, मालखान्यातल्या ढिगावर दुनळी आडवी टाकली. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. इतक्या वर्षांत तिनं केलेला तेवढाच आवाज.

परतताना नरहरी म्हणाला, “जवाईबापू, घरी फुलांचं काही बोलू नका.”

“नहीं बोलूँगा.”

दारात गोदू उभी होती. “देल्ली का जवायाले?”

“कागद अडला. सरकारजमा झाली.”

“काहून? तुम्ही तं सगळं केलं होतं न?”

“मुदतीत नाही बसलं.”

प्रताप शेजारीच उभा होता. त्यानं मान हलवली, सासऱ्याचं खोटं खरं केलं, आणि त्याच महिन्यात अनुश्रीला घेऊन सुरतेच्या गाडीत बसला. गाडी हलली तेव्हा नरहरी भलत्याच डब्याकडे बघून हात हलवत होता. गोदूनं त्याचा खांदा धरून त्याला वळवलं, तोवर लेकीचा डबा पुढे गेला होता.

दसरा आला. गोदूनं सवयीनं पाट मांडला, रांगोळी काढली, तबकात हळदकुंकू ठेवलं. मग भिंतीशी आली आणि थांबली. तिथे तेलाचा एक डाग होता, बंदूक टेकून टेकून पडलेला. तिच्या हातात दोन झेंडूची फुलं होती, सवतीसाठी निवडून आणलेली.

“ही कुठं ठेवू जी?” तिनं विचारलं.

नरहरी खाटेवर बसला होता. आवाज आला त्या दिशेला त्यानं तोंड केलं.

“दाराले लाव,” तो म्हणाला.