दोन बोटं माया

माझी मावशी एकतीस वर्षं कपड्यांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्तीचं काम करत होती. कुणी जाड झालं, कुणी वाळलं, कुणाची चेन तुटली, की कपडे तिच्या टेबलावर. नवं असं तिनं काहीच शिवलं नाही. "मी उसवणारी," असं स्वतःच म्हणायची. खोलीला एकच खिडकी, तीही जिन्याकडे उघडणारी. दिवसभर वाकून तिची मान कायमची आखडली होती.

कपडा उसवला की शिवणाऱ्याची नियत कळते, असं तिचं मत. बहुतेकांची नियत तिला पसंत नव्हती. अपवाद एका डिझायनरबाईंचा. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बायकांसाठी त्यांनी पहिल्यांदा साधे झगे काढले होते: पुढून बटणं, हात वर केला तरी न ओढणारी बाही आणि मनगट बुडेल एवढे खिसे. फॅशनी आल्या नि गेल्या, झगा तोच राहिला. पण मावशी भाळली होती ती आतल्या बाजूवर. प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेलं असायचं.

"बाई बाळंत होणार, सुटणार, आजारी पडून सुकणार, हे हिनं आधीच धरलंय," मावशी मला सांगायची. एका गिऱ्हाइकानं तोच झगा तीनदा सैल करून नेला आणि शेवटी मुलीसाठी आत घ्यायला आणला.

मग डिझायनरबाईंनी कारखाना विकला. कपड्यावरचं नाव तेच राहिलं, माया गेली. मावशी उसवायची तर आत करंगळीएवढाही काठ नसायचा. गिऱ्हाइकं डाफरायची तिच्यावरच. "आधी तर करून द्यायचात!" रोज तेच ऐकून ती विटली. एका सुट्टीच्या दिवशी जुना एक नि नवा एक झगा पिशवीत घालून ती डिझायनरबाईंच्या घरी निघाली. सोबतीला मला घेतलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर ती कठडा धरून थांबत होती.

दार त्यांनीच उघडलं. किरकोळ, केस पिकलेल्या, अंगात स्वतःचाच झगा. मावशीनं दोन्ही कपडे उलटे करून पलंगावर पसरले. त्यांनी शिवण अंगठ्यानं चाचपली.

"हे माझं नाही."

"नाव तुमचंच आहे बाई."

"नाव विकलं." त्या खुर्चीत बसल्या. "थकले होते हो. कापडवाले, कामगार, भाडं. एक दिवस सकाळी उठवेनाच."

मावशी भांडायलाच आली होती. पण ते ऐकून ती पलंगावरचे झगे पुन्हा सुलटे करू लागली. मग डिझायनरबाईंनीच विचारलं, "तुम्ही एवढे उसवलेत. माझं काय चुकलं, सांगा."

"राहू द्या."

"सांगा ना."

"उजव्या खिशाचा वरचा कोपरा," मावशी म्हणाली. "दरवेळी तिथंच फाटतो. किल्ल्या, फोन, सगळं बायका उजवीकडेच कोंबतात. मी आतून बोटभर पट्टी लावते."

त्यांनी आपल्याच खिशात हात घालून कोपरा पाहिला. तिथं रफू होतं.

"मीही दोनदा शिवला," त्या म्हणाल्या, "पण मला वाटलं, माझाच हात जड आहे." आणि त्या इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पट्टी कशी लावायची, ते मावशीनं त्यांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद चष्म्याच्या डबीत ठेवला.

त्यातून निष्पन्न काही झालं नाही. नवे झगे तसेच येत राहिले. दुसऱ्या दिवशी मावशी कामावर गेली, तेव्हा दुकानमालकानं विचारलं, "भेटली का तुझी डिझायनर? कशी आहे?"

"दमलीय," मावशी म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला खिडकीकडे वळली. तिसऱ्या प्रयत्नात तो गेला.

पुढे चार वर्षांनी मानेनं पारच असहकार पुकारला, तेव्हा तिनं काम सोडलं.