बाबिलोन घेतलं त्या सकाळी

माझ्या सासऱ्यांचा डावा डोळा बाबिलोनच्या लढाईत गेला. (ते पोशेऱ्याचे शेतकरी. बाबिलोनला कधी गेले नव्हते. मोखाड्यालासुद्धा कामाशिवाय जात नसत.)

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी जव्हारला शिक्षिका. शिक्षकांनी कॉम्प्युटरची परीक्षा द्यायची असा फतवा निघाला, म्हणून आमच्या ह्यांनी नाशिकहून एक कॉम्प्युटर आणला. 'माउसवर हात बसेल' म्हणून दुकानदारानं खेळाची एक सीडी फुकट दिली. एका गावापासून सुरुवात करायची आणि शेती, रस्ते, देवळं, सैन्य वाढवत सहा हजार वर्षांत साम्राज्य उभारायचं. माझा हात असा बसला, की उठेना!

माझा राज्यकारभार साधा होता. शेजारी दिसला, की हल्ला! एक घोडेस्वार तयार झाला, की धाडला. तो मेला, की दुसरा. तोवर इकडं माझी प्रजा उपाशी, शहरात बंड, आणि शेजारी कोठारं बांधून निवांत. ("घरीही हेच चालतं तुझं," हे म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. चहाही दिला नाही.)

मे महिन्यात सासरे, म्हणजे बाबा, आमच्याकडे आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा फारच पिकलेला. "हा आणखी थांबवू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. फुकट ऑपरेशनचं शिबिर जव्हारलाच होतं. गुरुवारी, सकाळी नऊच्या आत नाव नोंदवायचं. बाबांना घोर एकच, पावसातली भातलावणी, म्हणजे त्यांची आवणी.

"आवणीच्या आदी दिसाया पायजे गो. रोप कुठं आन् चिखल कुठं, कळत नाय."

गुरुवारला चार दिवस होते. बाबा माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायचे. त्यांना पडद्यावर नुसता उजेड दिसे. म्हणून मी सगळं वर्णन करून सांगायची. सोन्याचे कळस, तटबंदी, झुलत जाणारे हत्ती. हातचं काही राखलं नाही.

"मंग? घेतलं का गाव?"

"नाही बाबा. तिसराही घोडेस्वार मेला."

"एकेक माणूस धाडतेस?"

"तयार होईल तसा."

"आगं, आवणीला कुणी एकेक माणूस उतरवतं का? रोप सुकून जाईल! अख्खा पाडा एकदम उतरवायचा. एका दिसात शेत उरकायचं आन् घरी!"

मी बघतच राहिले. बी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं. मग आधी रस्ता केला, कोठार भरलं, आठ घोडेस्वार साठवले आणि शेजाऱ्यानं तट बांधायच्या आत आठही एकदम उतरवले. एका फटक्यात शहर माझं!

"बाबा, आता लगेच पुढचं घेऊ?"

"खाखा सुटली का तुला? माळावर पयल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी. आन् मग माळ सोडून द्यायचा. दम घेऊ दे त्याला."

मी दोनशे वर्षं शांतता पाळली. उद्याच्या भाजीचा विचार आज न करणारी बाई मी, पण शतकांचे आराखडे वहीत लिहायला लागले!

गुरुवार उजाडला. सहाला आंघोळी झाल्या. बाबांचा धुतलेला सदरा, पिशवीत केसपेपर, सगळी तयारी चोख. म्हणून तर वेळ उरला! आमच्याकडे रोज आठच्या ठोक्याला लाईट जायची. इतकी नेमानं, की गल्लीतले लोक त्यावर घड्याळं लावायचे. "लाईट गेली की उठायचं," असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि बाबिलोनला वेढा घातला.

"बाबा, तट पडला!"

"मंग?"

"हत्ती आत शिरले!"

"लाईट गेली का?"

"अजून नाही."

"मंग घे की!"

घेतलं. त्याच्या पुढची दोन गावंही घेतली. आज आठ वाजायला फारच वेळ लागतोय, असं माझ्या मनात आलं, तेवढ्यात शेजारच्या सुमनताई दारात.

"अगं बाई, तुम्ही घरीच? साडेअकरा झाले!"

"पण लाईट कुठं गेलीय अजून?"

"आज कशी जाईल? शिबिर आहे ना! ऑपरेशनं चाललीत, म्हणून गावाची लाईट कापलीच नाही!"

बाबांचा हात धरून मी धावत सुटले. शिबिराच्या दारातल्या माणसानं वही मिटली होती.

"यादी भरली, मॅडम. आता दिवाळीनंतर."

"एकच नाव घ्या हो!"

"नऊ सांगितलं होतं ना? उशीर का झाला?"

पाच मिनिटं उशीर झाला म्हणून मी पोरांना वर्गाबाहेर उभं करायची. आता मीच दाराबाहेर उभी होते. शेवटी बाबाच म्हणाले, "लढाई व्हती."

संध्याकाळी हे मोखाड्याहून, कामावरून, जीपनं आले. चपलासुद्धा न काढता विचारलं, "झालं का, बाबा?"

"झालं रं. बाबिलोन घेतलं."

 नाशिकला नेऊ म्हटलं, तर पाऊस तोंडावर आलेला. बाबा ऐकेनात. आवणीला पोशेऱ्याला गेले आणि सगळी आवणी बांधावर बसून राहिले. श्रावणात डावा डोळा लालभडक होऊन ठणकायला लागला. नाशिकला पोचेपर्यंत त्यातला उजेड गेला होता. "वेळेवर काढला असता तर..." डॉक्टर म्हणाले. पुढचं मी ऐकलं नाही. मला ते पाठ होतं.

दिवाळीनंतर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. (त्या दिवशी मी पहाटे पाचला शिबिराच्या दारात बसले होते. कुलूप उघडणारा माझ्यानंतर आला.) पट्टी सुटली आणि बाबा घरी आले. चहा नको, पाणी नको.

"ते बाबिलोन दाव आदी."

मी दाखवलं. नाक पडद्याला टेकेल इतक्या जवळ जाऊन ते बघत राहिले. चार पिवळे चौकोन, दोन झाडं, नखाएवढा हत्ती.

"हेच?"

"हेच, बाबा."

"आन् राजवाडा?"

"तो काय... तो तपकिरी ठिपका."

त्यांनी त्या ठिपक्यावरून एकदा बोट फिरवलं. मग स्टूल मागं सारून उठले.

"बरं झालं," म्हणाले, "एकाच डोळ्यानं बघाया लागलं."